आम्हा दोघींचा दवाखाना

कात्रीच्या कड्यात माझा अंगठा अडकला, तो शनिवार होता. आमच्या काष्टीचा बाजार शनिवारी भरतो आणि त्या दिवशी माझ्या शिलाईच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. वाड्यावस्त्यांवरच्या बाया बाजाराला येतात, पिशवीतून ब्लाउजपीस काढून माझ्यापुढं ठेवतात, पुढच्या बाजारी नेते म्हणतात आणि भाजी घ्यायला जातात. मी सकाळपासून उभ्यानं कापत होते. एक अस्तर कापून झालं, कात्री खाली ठेवायला गेले, तर ती हातातून सुटेना. लग्नाआधी भिंगारला शिवणक्लास केला तेव्हापासूनची ती कात्री. माझ्या हाताला इतकी सवयीची की अंगठा त्या कड्यात सैल फिरायचा. आता साबणाचं पाणी लावून, ओढून काढावा लागला. अंगठ्याभोवती तांबडा वळ उमटला होता.

मला आठवा महिना नुकताच लागला होता. दुकानात बसलेल्या बाया हसल्या. एक म्हणाली, पोटुशी बाईला सूज यायचीच. दुसरी म्हणाली, अंग सुजलं म्हणजे मुलगा. मीही हसले, पण हात उलटा करून बघितला. बोटांच्या पेरांवरच्या रेषा दिसत नव्हत्या. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. मापं घेण्यात माझा जन्म चाललाय. कुणाचं अंग आठवडाभरात एवढं बदलत नाही हे मला कळत होतं.

शिवाय मला सांगून ठेवलेलं होतं. आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर प्रत्येक तपासणीला तेच ते बजावायच्या. पाय संध्याकाळी सुजले तर घाबरू नको, उशीवर ठेव. पण हात सुजले, तोंड सुजलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तर तारखेची वाट बघू नको, तशीच निघून ये. तेव्हा मला वाटायचं, बाई सगळ्यांनाच घाबरवतात. त्या दिवशी मात्र त्यांचा शब्द न् शब्द आठवला.

मी आतल्या खोलीत गेले आणि सासूबाईंना हात दाखवला. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचं आयुष्य दुसऱ्यांच्या रानात खुरपणी आणि कांदे काढणीत गेलेलं. सासरे लवकर गेले, दोन्ही पोरं त्यांनी एकटीनं वाढवली. धाकट्या मुलीचं लग्न झालं, थोरला माझा नवरा. तो टेम्पो चालवतो, श्रीगोंद्याकडचा भाजीपाला पुण्याला नेतो. आत्या फार बोलत नाहीत. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला, बोटानं दाबला, खळगा पडला तो बघितला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"दुकान बंद कर," म्हणाल्या. "चल."

आरोग्य केंद्रात सिस्टरनी बीपी बघितलं, पुन्हा दुसऱ्या हाताला पट्टा बांधून बघितलं. लघवी तपासली. मग शांतपणे सांगितलं की हे गरोदरपणातलं बीपी आहे, लघवीतून प्रथिनं जातायत, आणि आजच्या आज श्रीगोंद्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. फोन त्यांनीच करून दिला.

श्रीगोंद्याच्या डॉक्टरबाई माझ्यापेक्षा वयानं थोड्याच मोठ्या असतील. मला आवडल्या, कारण मी विचारलेल्या प्रश्नाला त्या उत्तर देत होत्या. मी विचारलं, मी काही चुकीचं खाल्लं का? त्या म्हणाल्या, नाही. जास्त काम केलं म्हणून झालं का? तसंही नाही. हे काही बायांना होतं, पहिलटकरणींना जास्त होतं, आणि ते का होतं याचं पुरतं उत्तर अजून कुणाकडं नाही. पण काय करायचं ते ठाऊक आहे. गोळ्या घ्यायच्या, बीपी रोज बघायचं, बाळाची वाढ सोनोग्राफीत बघत राहायची, आणि बाळंतपण अशा ठिकाणी करायचं जिथं लहान बाळांना ठेवायला काचेच्या पेट्या आहेत. म्हणजे नगरला.

आत्या इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "पोरीच्या जिवाला धोका हाय का?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुर्लक्ष केलं तर आहे. तुम्ही दोघी आजच आलात, म्हणून मला काळजी कमी आहे."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत राहिले. मला भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीच्या जागी काहीतरी करायला मिळालं की माझं मन ठिकाणावर राहतं. बीपीचं मशीन आणलं. सकाळ-संध्याकाळ पट्टा बांधायला आत्या स्वतः शिकल्या. आकडा त्यांना वाचता यायचा, मोठ्यानं वाचायच्या आणि माझ्या तोंडाकडं बघायच्या.

माझं माहेर भिंगारचं. वडील लष्कराच्या एका कार्यालयात नोकरीला होते, निवृत्त झाल्यावर बाजाराजवळच दोन खोल्यांचं घर घेतलं. तिथून नगरचा दवाखाना रिक्षानं जवळ. पहिलं बाळंतपण तसंही माहेरीच व्हायचं होतं, आता लवकर जायचं ठरलं. माझी पिशवी भरली, तर शेजारी आणखी एक पिशवी दिसली. आत्यांची.

मी बघतच राहिले. सुनेच्या माहेरी सासूनं बाळंतपणाला जाऊन राहायचं, हे आमच्याकडं कुणी ऐकलेलं नव्हतं. नवरा म्हणाला, अगं आई, लोक काय म्हणतील, त्यांचं घर केवढं. आत्यांनी लुगड्याची घडी पिशवीत कोंबली. मला म्हणाल्या, "बीपी कोन बगनार तुजं? तुज्या आईला त्यो पट्टा बांधता येतो का?"

माझ्या आईला सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. विहीणबाई घरात, म्हणजे रोज काहीतरी चांगलं करायला हवं, असं तिच्या डोक्यात. पण एक-दोन दिवसांतच आत्यांनी तिच्या हातातून भाकरीचं पीठ काढून घेतलं आणि दोघींची वाटणी झाली. आई भाजी करायची, आत्या भाकरी. मी खाटेवर डाव्या कुशीला पडून त्यांचं बोलणं ऐकायची. इतकी विश्रांती मी आयुष्यात कधी घेतली नव्हती. हाताला काम नसल्यानं मी माणसं बघू लागले.

आणि बघता बघता मला आत्या दिसल्या. म्हणजे त्या लग्नापासून माझ्यासमोर होत्याच, पण एवढ्या जवळून, दिवसभर, मी त्यांच्याकडं कधी बघितलं नव्हतं. त्या जमिनीवर बसताना आधी भिंतीला हात लावायच्या. उकिडव्या कधी बसत नसत. भाकऱ्या थापायलाही पाय एका बाजूला घेऊन बसायच्या. पाण्याची बादली उचलायच्या आधी दम घेऊन पोट आवळायच्या. न्हाणीघरात वारंवार जायच्या आणि बराच वेळ लावायच्या. दाराच्या मागं, त्यांच्या ओल्या लुगड्याच्या खाली, जाड घडी घातलेली फडकी वाळत असायची. पाळी जाऊन त्यांना कित्येक वर्षं झाली होती. मग ही फडकी कशाला?

आई बाजारात गेली होती तेव्हा मी विचारलं. आत्या भांडी लावत होत्या. पाठ न वळवता त्या म्हणाल्या, वय झालं, लघवी थांबत नाही. मी म्हटलं, माझ्याबरोबर दवाखान्यात येताच, एकदा दाखवून घ्या. त्यांनी भांड्यांचा आवाज जरा वाढवला. मी विषय तिथंच सोडला, पण मनातून काढला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझाच प्रसंग आला. दुपारची वेळ होती, जेवण झालं होतं. डोकं सकाळपासून जड होतं, ते ठणकायला लागलं. मग छातीच्या खाली, उजव्या अंगाला दुखू लागलं. मला वाटलं पित्त असेल. आईनं लिंबूपाणी करून आणलं. ग्लास हातात घेतला, तर ग्लासाच्या कडेला चमचमणारे ठिपके दिसायला लागले, भिंतीवर बघितलं तर भिंतीवरही तेच. आत्यांनी पट्टा बांधला. मशीननं दाखवलेला आकडा त्यांनी त्या दिवशी मोठ्यानं वाचला नाही. त्या बाहेर गेल्या आणि रिक्षा घेऊनच आल्या.

नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मोठ्या वयाच्या होत्या, केस पांढरे, बोलणं थोडकं. त्यांनी मला तपासलं आणि भराभर सूचना दिल्या. हाताला सलाईन लागलं. एक औषध बीपी उतरवायला, एक बाळाच्या फुप्फुसांना बळ यावं म्हणून, आणि एक झटके येऊ नयेत म्हणून. ते शेवटचं औषध शिरेतून जाताना सगळ्या अंगातून गरम वाफ निघाल्यासारखं झालं. मी सिस्टरला सांगितलं, तर ती म्हणाली, असंच वाटतं, तुम्ही सांगत राहा काय होतंय ते. मी सांगत राहिले. बोलत राहिलं की धीर येत होता.

डॉक्टरांनी खाटेजवळ खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. या दुखण्यावरचा खरा इलाज म्हणजे बाळंतपण. बीपी आटोक्यात आलं की उद्या सकाळी ऑपरेशन करायचं, नाही आलं तर आधीही करावं लागेल. बाळ लहान भरेल, काही दिवस पेटीत राहील, पण या महिन्याची बाळं इथं रोज बरी होऊन घरी जातात. मग त्यांनी विचारलं, नवरा कुठं आहेत, सही हवी.

नवरा पुण्याला माल उतरवत होता. फोनवर पुन्हा पुन्हा निघतो म्हणत होता, पण यायला संध्याकाळ होणार होती. वडील आणि आई एकमेकांकडं बघायला लागले. मी म्हटलं, "सही मी करते. मला सगळं समजलंय."

डॉक्टर आत्यांकडं वळल्या. त्यांना वाटलं असेल, सासू काहीतरी बोलेल. आत्या म्हणाल्या, "तिचीच घ्या सही. पोट तिचं हाय, आन शानी हाय ती."

सलाईन लावलेल्या हातानं मी सही केली. वेडीवाकडी आली, पण माझीच होती. संध्याकाळी नवरा आला तेव्हा बीपी उतरायला लागलं होतं. तो खाटेशी उभा राहिला आणि नुसता माझ्या पायावरून हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. मणक्यात इंजेक्शन दिलेलं, त्यामुळं मी जागी होते. आधी काहीच ऐकू आलं नाही, मग मांजरीच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. सिस्टरनी तिला माझ्या गालाला लावलं आणि लगेच वर नेलं. नवजात बाळांचा कक्ष दुसऱ्या मजल्यावर होता. माझं बीपी अजून वर-खाली होत होतं, म्हणून मला खालीच ठेवलं. मुलगी वर, मी खाली, आणि मध्ये आत्या.

आईचं दूध पेटीतल्या बाळाला औषधासारखं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी दूध वाटीत काढून द्यायची, आत्या ती वाटी झाकून वर न्यायच्या आणि बाळाची खबर घेऊन खाली यायच्या. आज डोळे उघडले. आज नळीनं दूध पचलं. आज मूठ आवळली. लिफ्ट होती, पण ती बहुतेक वेळ पेशंटच्या खाटांसाठी अडलेली असायची. आत्या जिन्यानं जायच्या. आईनं दोनदा म्हटलं, मी जाते, तर त्यांनी ऐकलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला चालायला सांगितलं. टाके सांभाळत, भिंतीला धरून मी व्हरांड्यातून जिन्यापर्यंत गेले. आत्या जिन्याच्या मधल्या वळणावर बसलेल्या होत्या. वाटी शेजारी नीट झाकून ठेवलेली. एक हात कठड्याला, दुसरा ओटीपोटाखाली घट्ट दाबून धरलेला. चेहरा घामानं भिजलेला. मला बघून उठायला गेल्या आणि उठता आलं नाही.

मी जिन्याची एक एक पायरी चढून त्यांच्याजवळ गेले आणि खालच्या पायरीवर बसले. माझ्यामागून आलेल्या आईच्या हाती दूध वर पाठवलं. मग म्हटलं, "आत्या, आता मला सांगा."

त्यांनी सांगितलं. खाली बघत, लुगड्याच्या काठाशी चाळा करत सांगितलं. धाकट्या मुलीच्या वेळी बाळंतपण अवघड गेलं होतं. घरात करणारं कुणी नव्हतं, म्हणून टाकोटाक पाण्याचे हंडे उचलावे लागले. अंग धरायच्या आधीच कांदे काढायला रानात गेल्या. एक दिवस पाटी डोक्यावर घेताना खालून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. घरी येऊन बघितलं तर अंग बाहेर आलेलं. त्यांनी ते हातानं आत ढकललं, फडक्याची घडी केली आणि घट्ट बांधली. तेव्हापासून रोज तेच. काम करताना बाहेर येतं, निजल्यावर आत जातं. लघवी सुटते, लघवी अडते, कंबर भरून येते. सासऱ्यांना माहीत होतं का, असं मी विचारलं. माहीत होतं, म्हणाल्या, पण त्यांनी कधी विचारलं नाही आणि यांनी कधी सांगितलं नाही.

"दवाखान्यात का नाही गेला?"

"काय सांगू जाऊन? लाज वाटायची. एकदा रानातल्या बायांत विषय निगाला हुता, तर एक म्हनाली, पिशवीच काडून टाकत्यात. तिच्या जावंची काडली, तर ती बाई पुन्यांदा उबी ऱ्हायली न्हाई. मी पडले तर पोरांना कोन हुतं?"

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. माझे टाके ओढत होते. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून ही बाई माझ्या आधी उठत होती, आणि असं उठत होती. मला रडू आलं, पण त्याहून जास्त मला घाई झाली. माझ्या दुखण्याला नाव होतं, गोळी होती, दवाखाना होता. यांच्या दुखण्याला इतकी वर्षं नुसतं फडकं.

डॉक्टर फेरीला आल्या तेव्हा मी माझं काही बोलायच्या आधी आत्यांचं सांगितलं. आत्या खिडकीकडं तोंड करून उभ्या होत्या. डॉक्टरांनी मोठ्यानं काही विचारलं नाही. त्या आत्यांजवळ गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की माझ्याकडं येणाऱ्या तुमच्या वयाच्या कितीतरी बायांना हा त्रास असतो, तुम्ही एकट्या नाही. आत चला, मी आणि सिस्टर दोघीच असू. आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मी दाराशी बसते. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर मी बसले, बसून राहिले. आमची जागा उलटी झाली होती.

आत्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण चालणं सरळ होतं. डॉक्टरांनी मलाही आत बोलावून समजावलं. गर्भपिशवी धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेत, त्यामुळं ती खाली येते. फडक्यानं घासून जखम झाली आहे, आधी मलम लावून ती भरू द्यायची. पिशवीच्या तोंडाची तपासणीही करून घ्यायची. मग त्यांनी कपाटातून एक वाटोळी रबरासारखी रिंग काढून टेबलावर ठेवली. ही आत बसवायची, पिशवीला खालून आधार राहतो. ठरलेल्या वेळी येऊन तपासायची, स्वच्छ करायची. स्नायूंचे व्यायाम शिकवीन, ते रोज करायचे. ऑपरेशनही करता येतं आणि ते करून बाया चांगल्या हिंडतात-फिरतात, पण ते आजच करायला हवं असं नाही. तुम्ही ठरवा, घाई नाही.

आत्यांनी ती रिंग उचलली. तळहातावर घेऊन बराच वेळ बघितली, बोटांनी दाबून बघितली.

"एवडंच?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "बहुतेकींना एवढ्यानं आराम पडतो. तुम्हाला पडतो का ते बघू."

त्या "एवडंच" मध्ये काय होतं ते मला सांगता येणार नाही. आनंद होता, आणि राग होता. त्या कुणावर रागावल्या होत्या हे त्यांनाही ठाऊक नसावं. त्या रात्रीच्या जेवणाला त्यांनी आईच्या हातची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, एवढं मला आठवतं.

मुलीचं वजन वाढलं, नळी निघाली, ती अंगावर पिऊ लागली. आम्ही भिंगारला आलो. माझं बीपी काही आठवडे रेंगाळलं, गोळ्या चालू राहिल्या. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं की पुन्हा दिवस राहिले तर पहिल्या महिन्यातच यायचं, आणि मूल हवं असो वा नसो, दरवर्षी बीपी तपासायचं, कारण ज्यांना हे होतं त्यांना पुढं बीपीचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते. मी ते मनावर घेतलं. आजही मुलीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात मी आरोग्य केंद्रात जाऊन हात पुढं करते.

जखम भरल्यावर आत्यांना रिंग बसवली. पहिल्यांदा मापाची बसली नाही, सरकली. आत्या म्हणाल्या, राहू दे, माझ्या नशिबात नाही. मी म्हटलं, ब्लाउज एका बैठकीत अंगाला बसतो का? दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी जरा मोठी घेतली, ती बसली. चालून बघा म्हणाल्या. आत्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. तिथं बसलेल्या बायांना काही कळेना, ही बाई एवढ्या फेऱ्या का मारतेय. माझी आई बाकावर बसून पदरानं डोळे पुसत होती.

काष्टीला परत आल्यावर विहारात मुलीचं नाव ठेवलं. आमच्या वस्तीतल्या बाया दर रविवारी सकाळी विहारात वंदनेला जमतात. वंदना झाली की कुणी आजारी असेल, कुणाच्या घरी कार्य असेल, तर ते बोलणं होतं. असंच एका रविवारी कुणीतरी मला विचारलं, बाळंतपणात एवढं काय झालं होतं. मी बीपीचं सांगितलं. हात सुजले, डोकं दुखलं, उजेड चमकला तर घरी बसू नका, हे सिस्टरांचंच बोलणं मी पुढं दिलं. पोरीबाळी ऐकत होत्या.

मी बसले, आणि आत्या उठल्या. मला वाटलं घरी निघाल्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि दारापाशी उभ्या असलेल्या बाप्यांना म्हणाल्या, जरा बाहेर बसा. ते गेले. मग त्या बोलल्या. मला जिन्यावर सांगितलं तेच सांगितलं, पण आता खाली बघत नव्हत्या. अंग बाहेर आलं, फडकं बांधलं, कुणाला सांगितलं नाही.

"मला वाटलं, ह्यो माजा भोग हाय," त्या म्हणाल्या. "भोग न्हवता. आजार हुता. त्याला औशिद हुतं. मी गेले न्हाई म्हनून मिळालं न्हाई. तुमी जावा."

एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, ती हलक्या आवाजात म्हणाली, मलाही आहे. मग माझ्या वयाची एक बाई म्हणाली, अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, ते पण दाखवायचं असतं का? आत्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि मी सांगितलं, हो, तेही दाखवायचं. एकीची पाळी पंधरा-पंधरा दिवस चालत होती आणि ती पापड-लोणच्याला शिवायचं नाही एवढाच इलाज करत होती. बाहेर बाप्ये वैतागून बसले होते, आणि आत बाया बोलायच्या थांबेनात.

गावात बातमी फिरायला काय लागतं. पुढच्या बाजारी वरच्या आळीतल्या एक शेतकरी बाई दुकानात आल्या. मोठं बागायती घर, चांगली ऐपत, आमच्या वस्तीकडं सहसा न फिरकणाऱ्या. माझ्यापुढं ब्लाउजपीस ठेवला. मापाचा ब्लाउज आणला नव्हता. मी टेप घेतला, तर म्हणाल्या, गर्दी सरू दे, मी थांबते. गर्दी सरेपर्यंत त्या खरंच थांबल्या. मग विचारलं, तुमच्या सासूबाई घरात आहेत का?

आत्या मुलीला मांडीवर घेऊन आत बसल्या होत्या. मी दुकान आणि खोलीच्या मधला पडदा ओढून घेतला आणि मशीन चालू केलं, म्हणजे बोलणं मला ऐकू येऊ नये. बराच वेळ दोघी बोलत होत्या. जाताना त्या बाई माझ्याकडं बघून नुसत्या हसल्या. ब्लाउजपीस तसाच राहिला होता, तो मी पुढं आठवडाभर कपाटात जपून ठेवला.

त्या सोमवारी आत्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं, मला दोन भाकऱ्या बांधून द्यायला सांगितल्या आणि त्या बाईंना घेऊन एसटीनं नगरला गेल्या. नवरा म्हणाला, मी टेम्पोनं सोडतो. आत्या म्हणाल्या, नको, आम्हाला बायाबायांना बोलत जायचंय. संध्याकाळी परतल्या तेव्हा दोघींच्या हातात पेरूची पिशवी होती आणि कशावरून तरी हसत येत होत्या. स्टँडवरून त्या बाई आपल्या वाटेनं गेल्या.

मी मुलीला त्यांच्याकडं देत विचारलं, काय म्हणाल्या डॉक्टर? काय निघालं?

आत्यांनी मुलीचं अंगडं सारखं केलं. "ते तिला इचार," म्हणाल्या. "तिला सांगू वाटलं तर सांगंल."

आणि पेरू कापायला सुरी मागितली.